गोड्या पाण्यातले शार्क आणि न झालेला कालवा : निकाराग्वाच्या एका नदीची गोष्ट

शार्क म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र येतो. पण मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या छोट्या देशात एक सरोवर आहे. त्याचं पाणी गोडं आहे, ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३२ मीटर उंचीवर आहे आणि तरीही त्यात पिढ्यानपिढ्या शार्क राहत होते. काठावरच्या लोकांना त्याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते बाहेरून आलेल्यांना.

हे शार्क तिथे आले कसे, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात निकाराग्वाचा बराचसा इतिहास दडलेला आहे. ज्या पाण्याच्या वाटेने शार्क वर आले, त्याच वाटेने समुद्री चाचे आले, सोनं शोधणारे आले, भाडोत्री सैनिक आले. याच वाटेने दोन महासागर जोडणारा कालवा काढायचं स्वप्नही आलं. तो कालवा आजतागायत झालेला नाही, पण त्याची किंमत हा देश आजही मोजतोय.

हा सगळा प्रकार काय आहे, समजून घेऊया.

आधी नकाशा समजून घेऊ

निकाराग्वाच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे आणि पूर्वेला कॅरिबियन समुद्र, म्हणजे अटलांटिकची बाजू. देशाच्या नैऋत्येला आहे निकाराग्वा सरोवर, ज्याचं जुनं नाव कोसिबोल्का. सुमारे ८ हजार चौरस किलोमीटरचं हे मध्य अमेरिकेतलं सर्वात मोठं सरोवर. वारा सुटला की त्यात समुद्रासारख्या लाटा उठतात, म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याला ‘गोडा समुद्र’ म्हटलं. सरोवराच्या मधोमध ओमेतेपे हे बेट आहे आणि त्यावर कोन्सेप्सिओन आणि मादेरास असे दोन ज्वालामुखी शेजारी शेजारी उभे आहेत.

गंमत पुढे आहे. हे सरोवर पॅसिफिकपासून एके ठिकाणी जेमतेम २० किलोमीटरवर आहे. पण त्याचं पाणी तिकडे जात नाही. ते उलट्या दिशेने, सान हुआन नावाच्या नदीतून सुमारे २०० किलोमीटर वाहत कॅरिबियन समुद्राला मिळतं.

म्हणजे एका महासागरातून होडी घेऊन निघालात तर नदीतून सरोवरात आणि सरोवरातून दुसऱ्या महासागराच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पाण्यावरूनच पोहोचता येतं. उरते फक्त २० किलोमीटरची जमीन. या ‘फक्त’नेच पुढची पाचशे वर्षं माणसांना वेड लावलं.

मग शार्क आले कुठून?

१८७७ साली शास्त्रज्ञांनी या सरोवरातल्या शार्कचं वर्णन वेगळी जात म्हणून केलं. समज असा होता की हे सरोवर एकेकाळी पॅसिफिकचा फाटा होतं, ज्वालामुखींच्या उद्रेकांनी त्याचं तोंड बुजलं आणि आत अडकलेले शार्क हळूहळू गोड्या पाण्याला सरावले. गोष्ट ऐकायला छान होती, पण ती खरी नव्हती.

१९६१ साली अभ्यासकांनी हा शार्क वेगळा नसून जगभरच्या उबदार किनाऱ्यांवर आढळणारा बुल शार्कच आहे, असं दाखवून दिलं. पुढे थॉमस थॉर्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९६० आणि ७०च्या दशकांत सरोवरात आणि नदीच्या मुखाशी शार्क पकडून त्यांना खुणेचे बिल्ले लावले आणि परत सोडून दिलं. समुद्राकडे बिल्ला लावलेले काही शार्क सरोवरात सापडले आणि सरोवरातले काही समुद्राकडे. ते अडकलेले नव्हतेच. ते ये-जा करत होते. सान हुआनच्या खडकाळ टप्प्यांवरून उसळणारं पाणी कापत ते वर चढत होते.

बहुतेक शार्कना हे जमत नाही. समुद्री शार्कच्या रक्तात क्षार आणि युरियाचं प्रमाण भरपूर असतं. असा मासा गोड्या पाण्यात आला की बाहेरचं पाणी त्याच्या शरीरात शिरत राहतं आणि आतले क्षार बाहेर जाऊ लागतात. बुल शार्कचं शरीर मात्र हा हिशेब बदलू शकतं. तो युरियाचं प्रमाण कमी करतो, मूत्रपिंडं जादा पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकतात आणि समुद्रात क्षार बाहेर फेकणारी ग्रंथी गोड्या पाण्यात आपलं काम आवरतं घेते.

या वाटेने शार्क एकटेच येत नव्हते. लांबलचक करवतीसारखं नाकाड पुढे काढलेला करवत मासा आणि चंदेरी खवल्यांचा भलामोठा टार्पन हेही समुद्रातून नदीत चढत. थोडक्यात, समुद्र ते सरोवर हा जलमार्ग कुणी बांधायची गरज नव्हती. तो वाहताच होता.

माणसांनी ही वाट कधी धरली?

१५२४ साली स्पॅनिशांनी सरोवराच्या काठावर ग्रानादा हे शहर वसवलं. देशाच्या आत असूनही नदीमुळे ते एका अर्थी अटलांटिकचं बंदर होतं. माल इथून होड्यांत चढे आणि समुद्राला लागे.

पण वाट दोन्ही बाजूंनी उघडी असते. १६६५ साली हेन्री मॉर्गन हा चाचा आपल्या माणसांसह छोट्या होड्यांतून नदी चढून आला आणि त्याने ग्रानादा लुटलं. त्यानंतर स्पॅनिशांनी नदीच्या काठावर, जिथे खडकांमुळे होड्यांना थांबावंच लागतं अशा जागी, एल कास्तियो हा किल्ला बांधला. तो आजही उभा आहे. १७६२ साली इंग्रजांच्या बाजूने हल्ला झाला तेव्हा किल्लेदार नुकताच वारला होता, आणि त्याच्या १९ वर्षांच्या मुलीने, राफाएला एरेराने, किल्ला लढवला. निकाराग्वात आजही तिचं नाव आदराने घेतलं जातं.

१७८० साली इंग्रज पुन्हा आले. या मोहिमेत २१ वर्षांचा एक नौदल अधिकारी होता, होरेशिओ नेल्सन. पुढे ट्रॅफल्गारच्या लढाईमुळे अजरामर झालेला तोच नेल्सन. या वेळी किल्ला पडला, पण नदीकाठच्या रोगराईने सैन्य गारद केलं. नेल्सन आजारी पडून कसाबसा वाचला, त्याचे बहुतेक सोबती वाचले नाहीत.

सोन्याची लाट आणि वॉकर

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हजारो माणसांना पश्चिमेला पोहोचायचं होतं आणि खंड ओलांडणारी रेल्वे अजून झालेली नव्हती. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या न्यूयॉर्कच्या उद्योगपतीने संधी हेरली. जहाजाने नदीच्या मुखापर्यंत, छोट्या आगबोटीने नदीतून वर, मोठ्या आगबोटीने सरोवर पार आणि शेवटचे २० किलोमीटर खेचरं किंवा घोडागाडी. मार्क ट्वेननेही १८६६च्या अखेरीस कॅलिफोर्नियाहून परतताना हीच वाट धरली होती.

रस्ता पैशाचा झाला की त्याचा ताबा राजकारण होतो. निकाराग्वात तेव्हा लेओन शहराचे उदारमतवादी आणि ग्रानादाचे परंपरावादी यांच्यात यादवी चालू होती. उदारमतवाद्यांनी मदतीला विल्यम वॉकर नावाच्या अमेरिकनाला बोलावलं. हा गृहस्थ डॉक्टर, वकील आणि पत्रकार असं सगळं होऊन चुकला होता. जून १८५५ मध्ये तो साठेक माणसं घेऊन उतरला. ऑक्टोबरमध्ये व्हँडरबिल्टच्या कंपनीचीच आगबोट ताब्यात घेऊन, सरोवरावरून येऊन त्याने ग्रानादा जिंकलं. १८५६च्या जुलैमध्ये तो चक्क देशाचा राष्ट्राध्यक्ष बनला. मध्य अमेरिकेत १८२४ सालीच रद्द झालेली गुलामगिरी त्याने पुन्हा कायदेशीर केली.

त्याची चूक झाली ती व्हँडरबिल्टच्या बाबतीत. वॉकरने त्याचा परवाना रद्द करून तो प्रतिस्पर्ध्यांना दिला. व्हँडरबिल्टने शेजारच्या कोस्टा रिकाला मदत केली आणि कोस्टा रिकाच्या सैन्याने नदीवरच्या आगबोटी एकामागून एक काबीज केल्या. वॉकरला अमेरिकेतून येणारी कुमक याच वाटेने येत असे, ती बंद झाली. माघार घेताना त्याच्या माणसांनी ग्रानादा जाळलं आणि ‘इथे ग्रानादा होतं’ अशी पाटी मागे ठेवली. मे १८५७ मध्ये वॉकर शरण आला. नंतर पुन्हा मध्य अमेरिकेत घुसण्याच्या नादात १८६० साली होंडुरासमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

या युद्धानंतर, १८५८ साली, निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांनी सीमेचा तह केला. त्यानुसार नदी निकाराग्वाची, पण खालच्या टप्प्यात तिचा दक्षिण काठ कोस्टा रिकाचा आणि त्यांना व्यापारी वाहतुकीचा हक्क. या वाटणीचं भांडण १५० वर्षांनीही संपलं नव्हतं. २०१० साली निकाराग्वाने नदीच्या मुखाशी गाळ काढायला सुरुवात केली आणि वादग्रस्त पाणथळ जागेत माणसं घुसवली. त्या कामाच्या प्रमुखाने गुगल मॅप्सचा दाखला दिला होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१५ साली ती जागा कोस्टा रिकाची ठरवली आणि २०१८ साली निकाराग्वाला पर्यावरणाच्या नुकसानीपोटी सुमारे ३ लाख ७९ हजार डॉलर भरायला लावले. या न्यायालयाने पर्यावरणाच्या हानीची रक्कम ठरवून दिल्याची ही पहिलीच वेळ होती.

कालवा पनामाला का गेला?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बहुतेकांना वाटत होतं की कालवा निकाराग्वातूनच होणार. पनामात फ्रेंचांचा प्रयत्न फसला होता, हजारो मजूर रोगांनी मेले होते. जानेवारी १९०२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने निकाराग्वाच्या कालव्याला ३०८ विरुद्ध २ अशी मान्यता दिली.

मग पारडं फिरलं. पनामातली आपली मालमत्ता विकायला बसलेल्या फ्रेंच कंपनीने किंमत १० कोटी ९० लाख डॉलरवरून थेट ४ कोटींवर आणली. त्यातच ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे आख्खं शहर काही मिनिटांत संपलं. ज्वालामुखी हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज झळकू लागला.

पनामासाठी झटणारा फ्रेंच अभियंता फिलिप ब्युनो-व्हारिया याने हा क्षण अचूक पकडला. निकाराग्वाने नुकतंच एक टपाल तिकीट काढलं होतं, त्यावर मोमोतोम्बो हा धुमसता ज्वालामुखी होता. त्याने ही तिकिटं गोळा केली आणि प्रत्येक सिनेटरला एकेक पाठवली. मोमोतोम्बो कालव्याच्या नियोजित मार्गापासून बराच लांब होता, पण तिकिटावर अंतर थोडंच दिसतं? १९ जून १९०२ रोजी सिनेटने ४२ विरुद्ध ३४ मतांनी पनामाला पसंती दिली. एका तिकिटाने कालवा घालवला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. उतरलेली किंमत हे मोठं कारण होतं. पण देशाने कौतुकाने छापलेलं चित्र त्याच्याविरुद्धच वापरलं गेलं, हे मात्र खरं.

कालवा गेला, मग संकट टळलं का?

उलट वाढलं. पनामाचा कालवा ताब्यात आल्यावर अमेरिकेची चिंता बदलली. आता निकाराग्वात दुसऱ्या कुणी कालवा काढू नये, हे महत्त्वाचं झालं. राष्ट्राध्यक्ष होसे सांतोस सेलाया यांनी इतर देशांशी बोलणी करून पाहिल्यावर अमेरिकेचा रोष वाढला. १९०९ साली त्यांच्याविरुद्ध बंड झालं. बंडखोरांच्या बाजूच्या दोन अमेरिकनांना सान हुआन नदीत सुरुंग पेरल्याबद्दल सेलाया यांच्या सरकारने गोळ्या घातल्या. अमेरिकेने संबंध तोडले आणि सेलाया यांना पायउतार व्हावं लागलं. पुन्हा तीच नदी.

१९१२ पासून अमेरिकी मरीन सैनिक मधला थोडा काळ सोडता १९३३ पर्यंत निकाराग्वात होते. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रायन-चामोरो करार झाला. ३० लाख डॉलरच्या बदल्यात निकाराग्वातून कालवा काढायचा कायमचा हक्क अमेरिकेला मिळाला. बरोबर दहा दिवसांनी पनामा कालवा खुला झाला. म्हणजे हा हक्क कालवा काढण्यापेक्षा दुसऱ्या कुणी काढू नये यासाठीच जास्त उपयोगाचा होता.

या सैन्याविरुद्ध ऑगुस्तो सेसार सँडिनो यांनी १९२७ पासून डोंगरांतून लढा दिला. मरीन गेल्यावर त्यांनी शांततेची बोलणी केली. २१ फेब्रुवारी १९३४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांकडे जेवून बाहेर पडल्यावर अमेरिकेनेच उभ्या केलेल्या नॅशनल गार्डच्या सैनिकांनी त्यांना मारलं. गार्डचा प्रमुख होता अनास्तासिओ सोमोसा. त्याने लवकरच सत्ता बळकावली आणि बाप व दोन मुलगे मिळून या घराण्याने चाळीसहून अधिक वर्षं देश चालवला.

शार्क गेले कुठे?

सोमोसांच्या काळात सरोवरातल्या शार्कची मासेमारी हा मोठा धंदा झाला. परांना आशियात भाव होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ग्रानादात शार्कचे पर काढून वाळवण्याचा कारखाना उभा राहिला आणि त्यात सोमोसा घराण्याचा हात होता असं सांगितलं जातं. शार्क हजारोंनी मारले गेले. बुल शार्कला प्रौढ व्हायलाच बरीच वर्षं लागतात, शिवाय पिल्लं थोडी. इतकी कत्तल झाल्यावर संख्या भरून निघणं अवघडच.

करवत माशाचं आणखी वाईट झालं. त्याची करवत जाळ्यात अडकली की सुटत नाही. १९७०च्या दशकात त्याची इतकी मासेमारी झाली की थोड्याच वर्षांत तो सरोवरातून जवळपास दिसेनासा झाला. थॉर्सन यांनीच त्याच्या मासेमारीवर बंदी घालण्याची मागणी केली होती. ज्या माणसाने हे प्राणी कसे येतात-जातात हे जगाला दाखवलं, त्यालाच ते संपताना पाहावं लागलं.

आज शार्क सरोवरात क्वचितच दिसतात. गावोगावच्या जुन्या माणसांच्या आठवणींत मात्र ते आहेत.

१९७९च्या जुलैमध्ये सँडिनोंचं नाव घेतलेल्या सँडिनिस्टा क्रांतिकारकांनी सोमोसांची राजवट उलथवली. पुढची दहा वर्षं अमेरिकेच्या पाठिंब्यावर लढणाऱ्या ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांशी युद्धात गेली. अमेरिकेने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरल्याचं प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि १९८६ साली निकाल निकाराग्वाच्या बाजूने लागला. १९९० साली मतदारांनी सँडिनिस्टांना पायउतार केलं आणि त्यांनी सत्ता सोडली. त्यांचे नेते दानिएल ओर्तेगा २००६ साली निवडून आले आणि २००७ साली सत्तेत परतले. ते आजही सत्तेत आहेत.

आणि पुन्हा कालवा

इथे गोष्ट उलटी फिरते. परकीयांना कालव्याचा हक्क विकण्याविरुद्ध ज्या परंपरेने लढा दिला, तिचंच नाव सांगणाऱ्या सरकारने जून २०१३ मध्ये तोच हक्क विकला. चिनी उद्योगपती वांग जिंग यांच्या एचकेएनडी या कंपनीला ५० वर्षांचा, आणखी ५० वर्षं वाढवता येणारा परवाना देणारा कायदा काही दिवसांत मंजूर झाला. कालवा २७८ किलोमीटरचा, त्यातले सुमारे १०५ किलोमीटर सरोवरातून. खर्च ५० अब्ज डॉलरपर्यंत.

सरोवर बहुतेक ठिकाणी उथळ आहे. महाकाय जहाजं नेण्यासाठी त्याच्या तळाशी खोल चर खणावा लागला असता. हुइगाल्पासारख्या शहराला याच सरोवराचं पाणी प्यायला जातं. गाळ ढवळला गेला, तेल सांडलं, समुद्राचं खारं पाणी शिरलं तर काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. मार्गातल्या शेतकऱ्यांचा प्रश्न त्याहून सरळ होता : आमची जमीन कोणत्या भावाने आणि कुणाला विचारून? फ्रान्सिस्का रामिरेस या शेतकरी बाईंच्या नेतृत्वाखाली मोर्चामागून मोर्चे निघाले.

२२ डिसेंबर २०१४ रोजी कामाचा नारळ फुटला, पण पुढे काही झालं नाही. २०१५ साली चिनी शेअर बाजार कोसळला आणि वांग यांची बरीच संपत्ती त्यात गेली. कालव्याचा कायदा मात्र शेतकऱ्यांच्या डोक्यावर तसाच टांगलेला राहिला.

एका जंगलाला लागलेली आग

सान हुआन नदीच्या उत्तर काठावर, तिच्या मुखाकडच्या बाजूला, इंदिओ माईस हे राखीव जंगल आहे. जॅग्वार, टापिर, मोठे हिरवे मकाव पोपट यांचं हे घर. रामा आणि क्रिओल समाजांची ही पारंपरिक भूमी. जंगल तोडून गुरांची कुरणं करणाऱ्यांचं अतिक्रमण तिथे वर्षानुवर्षं चालू आहे.

एप्रिल २०१८ मध्ये या जंगलात आग लागली आणि पाच हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्र जळालं. कोस्टा रिकाने अग्निशमन दल देऊ केलं, सरकारने ते परत पाठवलं. राजधानी मानाग्वात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आग विझायला आली तोच १८ एप्रिलला सामाजिक सुरक्षेच्या योजनेतल्या कपातीविरुद्ध निदर्शनं सुरू झाली आणि दोन्ही संताप एकत्र झाले. सरकारने ते चिरडले. तीनशेहून अधिक माणसं मारली गेली.

त्यानंतर जे झालं त्याचा नदीशी थेट संबंध आहे. इंदिओ माईससाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं नावच ‘फुंदासिओन देल रिओ’, म्हणजे ‘नदीची संस्था’. २०१८च्या डिसेंबरमध्ये तिची नोंदणी रद्द झाली. फ्रान्सिस्का रामिरेस यांना नदीपलीकडच्या कोस्टा रिकात आसरा घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला पाठवलं आणि त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. पाठोपाठ आणखी ९४ जणांचं. त्यांत या संस्थेचे अध्यक्ष आमारू रुईस होते, तसेच क्रांतीत सँडिनिस्टांबरोबर असलेले लेखक सेर्हिओ रामिरेस आणि कवयित्री जिओकोंदा बेली हेही होते.

आज काय स्थिती आहे?

मे २०२४ मध्ये वांग यांच्या कंपनीचा परवाना अखेर रद्द झाला. शेतकरी जे मागत होते ते अकरा वर्षांनी मिळालं, पण त्याच्यासाठी लढलेले अनेकजण ते पाहायला देशात नव्हते. आणि सहा महिन्यांत ओर्तेगांनी चिनी उद्योजकांपुढे नवा मार्ग मांडला : ४४५ किलोमीटरचा, मोठं सरोवर टाळून मानाग्वा सरोवराकडून जाणारा. पनामा कालव्यात दुष्काळाने पाणी कमी पडल्यापासून अशा योजनांकडे पुन्हा कान टवकारले जातात.

कालव्याचे मार्ग बदलले, कंपन्या बदलल्या, विकत घेणारे देश बदलले. पण दरवेळी निर्णय मोजक्या माणसांनी बंद खोलीत घेतला. काठावरच्यांना विचारलं गेलं नाही आणि ज्यांनी आपणहून प्रश्न विचारले त्यांना देश सोडावा लागला.

दोन्हीकडे मोकळी असलेली ती नदी मात्र कुणी न बांधताच होती. शार्क तिच्यातून हवे तेव्हा आत यायचे, हवे तेव्हा बाहेर जायचे. निकाराग्वाच्या हजारो माणसांसाठी आज ती वाट एकाच दिशेने उघडी आहे, बाहेर जाण्याच्या.